पाल, चोर आणि भोंगा

रात्री पावणेतीनला समोरच्या बंद घराचा भोंगा पुन्हा केकाटला. मालक पुण्याला, चावी कुणाकडेच नाही. पहिल्यांदा आम्ही काठ्या घेऊन जिन्यात धावलो होतो. तिसऱ्या वेळी कुणी कूससुद्धा बदलली नाही. लांडगा आला रे आला, दुसरं काय!

माझ्याकडेही हीच यंत्रणा आहे, म्हणून सांगते. वायर कापायला जाऊ नका. बऱ्याच बाहेरच्या भोंग्यांत स्वतःची बॅटरी असते. वायर तुटली की तो तुम्हालाच चोर समजतो. आधी कोड टाकून गप्प करा, मग पॅनेलवर कुठला झोन दिसतोय ते बघा. माझा हॉलचा होता. स्टुलावर चढले, तर सेन्सरच्या पांढऱ्या भिंगावर पालीची लेंडी! उष्णतेतला बदल टिपणाऱ्या सेन्सरचं ते भिंग. त्यावरूनच चालणारी पाल त्याला माणसाएवढी वाटते. दाराचा झोन असेल तर चुंबकी स्विच तपासा. आमच्या सारसोळ्यात खाडीचं खारं वारं कशालाच सोडत नाही. लाइट गेल्यावरच वाजत असेल, तर बॅटरी म्हातारी झाली.

भोंगा लावावा, पण चावी आणि कोड शेजारी कुणाकडे तरी हवाच, आणि काही मिनिटांत तो आपोआप थांबायला हवा. निवासी भागात रात्री दहा ते सहा 45 डेसिबलची मर्यादा आहे. सोसायटीच्या सभेत आम्ही पार्किंगवर दीड तास भांडतो, यावर अवाक्षर नाही.

सकाळी मालकांना फोन केला. “काकू, खरंच चोर आला असता तर?”

“तरी आम्ही झोपलेलोच होतो,” म्हटलं.