जंतूचा जनुकसंच आणि आईची रजा

आईच्या दुधात दुग्धशर्करा व स्निग्धांश यांच्या खालोखाल ज्या घन घटकाचे प्रमाण असते, तो अर्भकाला पचतच नाही. हा घटक म्हणजे गुंतागुंतीच्या रचनेच्या शर्करा. निसर्गाने ही उधळपट्टी का करावी? अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली याचे उत्तर स्पष्ट केले. अर्भकाच्या आतड्यातील ‘बिफिडोबॅक्टेरियम इन्फन्टिस’ या उपकारक जंतूचा सुमारे २८ लाख अक्षरांचा जनुकसंच त्यांनी वाचला. या शर्करा आत ओढून घेणाऱ्या व तोडणाऱ्या जनुकांचा एक सलग समूहच त्यात आढळला. म्हणजे माता बाळाला पोसते, तसेच बाळाच्या रक्षक जंतूंनाही पोसते.

या ज्ञानावर लगेच बाजार उभा राहिला. हे जंतू आज भुकटीच्या रूपाने विकले जातात. त्याबद्दल विज्ञानाला दोष देण्याचे कारण नाही. ओडिशाच्या खेड्यांतील ४,५५६ नवजात बालकांवरील प्रयोगाचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. तेथे जंतू दुसरा होता, ‘लॅक्टोबॅसिलस प्लँटारम’. तो शर्करेसह दिल्यावर रक्तातील जंतुसंसर्ग व मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आले. मात्र ती बालके अंगावर पिणारी होती, हे विसरता येणार नाही. जंतूची मात्रा ही दुधाला जोड होती, पर्याय नव्हे.

आणि ते दूध पाजायला वेळ कोणाला आहे? २०१७ च्या दुरुस्तीने २६ आठवड्यांची पगारी प्रसूतिरजा दिली, पण दहा वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांतील स्त्रियांना. बीडची ऊसतोड कामगार स्त्री या हिशेबात कोठेच बसत नाही. तिची मजुरी नवऱ्यासह एका ‘कोयत्या’त मोजली जाते. खाडा झाला की उचलीतून पैसे कापले जातात. त्यामुळे बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांत ती फडात उतरते आणि बाळ पाचटावर निजते. जगातील सर्वात संपन्न आहार तिच्या देहात तयार होतो. तो बाळाच्या मुखी पडण्याचा अवकाश मात्र मुकादमाच्या वहीत नसतो.

भुकटी ज्याला परवडते, त्याने ती अवश्य घ्यावी. पण चळवळीची मागणी निराळी असली पाहिजे: असंघटित क्षेत्रातील प्रत्येक मातेला सहा महिन्यांची मजुरी आणि प्रत्येक तळावर पाळणाघर. जंतूचे पोषण कशाने होते, हे विज्ञानाने दाखवून दिले आहे. आईच्या पोषणाची व विश्रांतीची जबाबदारी कोणाची, हे राजकारणानेच ठरवायचे आहे.