घरचा हिशेब : वीज नव्हे, पाणी साठवा



सन 1901 ची गोष्ट. बाबासाहेब तेव्हा नऊ-दहा वर्षांचे होते. घर साताऱ्यास. वडील रामजी सुभेदार खटाव तालुक्यात गोरेगावला खजिनदार होते. दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावे म्हणून सरकारने तेथे तलाव खोदायला काढला होता. वडिलांना भेटायला बाबासाहेब, त्यांचे भाऊ आणि भाचे आगगाडीने मसूरला उतरले. जात कळताच गाडीवान बसवून घेईनात. शेवटी दुप्पट भाडे द्यायचे आणि गाडी पोरांनीच हाकायची, या बोलीवर एक गाडी मिळाली. शिदोरी बरोबर होती, पण घोटभर पाणी कोणी देईना. वाटेत नदीच्या पात्रात डबकी होती, त्यांत गुरांचे शेण-मूत कालवलेले. भरल्या शिदोरीसह पोरे उपाशी झोपली. बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ मध्ये हे स्वतःच्या हाताने लिहून ठेवले आहे. बाप तलावाच्या कामावर, आणि लेकरे तहानलेली!

या प्रसंगात दोन दुःखे आहेत. एक, पाणी मिळाले नाही. दुसरे, जे होते ते पिण्यासारखे नव्हते. 20 मार्च 1927 रोजी महाडला चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी पाण्याचा हक्क मिळवण्यासाठी ओंजळ भरली. पण हक्क मिळाला म्हणून पाणी आपोआप घरात येत नाही. आजही नळाची लाइन गावातून फिरत फिरत आपल्या वस्तीवर शेवटी येते. आणि जे शेतात, माळावर, डोंगरात राहतात त्यांच्याकडे पाण्याची लाइन नाही, की विजेची तारही नाही. कोयनेच्या विजेने अर्धा महाराष्ट्र उजळला, पण त्याच सातारा जिल्ह्यातल्या डोंगरातील कितीतरी वाड्यांनी वर्षानुवर्षे रॉकेलच्या चिमणीवर दिवस काढले.

अशा घरांना आता सौर विजेचा आधार झाला आहे. पण हिशेब चुकला तर आधाराचाच बोजा होतो. मागच्या उन्हाळ्यात एका मंगल परिणयासाठी जत तालुक्यात गेलो होतो. मुक्काम एका पाहुण्यांच्या शेतातल्या घरी होता. तांब्या हातात देताना आजी म्हणाली, “दादा, सांडू नका बरं. ह्ये पाणी पोरीनं दीड मैलावनं आणलंया.”

मी चकित झालो. घरावर सौर पॅनेल, परड्यात बोअर, आणि पाणी दीड मैलावरून? चौकशी केली. एका दुकानदाराच्या सल्ल्याने बचत गटाचे कर्ज काढून त्यांनी पॅनेल, दोन बॅटऱ्या, इन्व्हर्टर आणि एक हॉर्सपॉवरची साधी मोटर बसवली होती. दोन वर्षांत बॅटऱ्या बसल्या. मोटर सुरू होईना. कर्जाचे हप्ते मात्र चालूच. आणि नववीतल्या नातीचा शाळेचा पहिला तास रोज बुडत होता.

मी काही इंजिनिअर नव्हे, कारकून माणूस. पण हिशेब मला कळतो. लग्नाला आलेला समाजातला एक आय.टी.आय. झालेला मुलगा बरोबर घेतला, आणि अंगणात बसून आम्ही जमा-खर्च मांडला. तोच आपल्यापुढे ठेवतो.

हजार लिटर पाणी शंभर फूट वर चढवायला लहान पंपाला साधारण पाव युनिट वीज लागते. सरकारच्या जलजीवन मिशनने माणशी रोज 55 लिटर पाणी धरले आहे. पाच माणसांचे झाले 275 लिटर. एक म्हैस, दोन शेळ्या धरून 400 लिटर समजा. म्हणजे रोजची गरज एक दशांश युनिट! शंभर वॅटचे पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला 0.4 युनिट वीज देते. ढगाळ दिवस धरून दुप्पट, दोनशे वॅटचे पॅनेल घेतले तरी घराचे पाणी आरामात निघते.

मग बिघडले कोठे? एक हॉर्सपॉवरची मोटर सुरू होताना नेहमीच्या तीन-चार पट वीज ओढते. तेवढ्या झटक्यासाठी मोठा इन्व्हर्टर लागतो आणि मोठ्या बॅटऱ्या लागतात. त्यात पॅनेलची वीज बॅटरीत जाऊन परत बाहेर येईपर्यंत शंभरातले वीस-पंचवीस भाग वाटेतच गळतात. आणि साधी बॅटरी तीन ते पाच वर्षांत बदलावीच लागते. मुंगीचे ओझे वाहायला बैलजोडी जुंपल्यासारखे झाले!

म्हणून पहिला नियम लक्षात ठेवा : वीज साठवू नका, पाणी साठवा. पॅनेलवर थेट चालणारा लहान डी.सी. पंप घ्या. ऊन पडले की तो हळूहळू ओढत राहील आणि संध्याकाळपर्यंत टाकी भरेल. टाकीतले पाणी रात्री नळाला आपोआप उतरते, त्याला वीज लागत नाही. बॅटरी फक्त दिव्याला आणि मोबाईलला ठेवा, ती लहानच पुरते.

आणखी काही गोष्टी. टाकी गरजेपुरतीच उंच ठेवा, कारण चढवलेल्या प्रत्येक फुटाला वीज लागते. पाइप बारीक घेऊ नका आणि वळणे कमी ठेवा. पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून साधारण 17-18 अंश तिरके बसवा, सातारा-सांगलीला ते मानवते. त्यावर झाडाची सावली पडू देऊ नका आणि आठवड्याला ओल्या फडक्याने धूळ पुसा. टाकी भरली की पंप बंद करणारा फ्लोट स्विच लावा. सांडलेले पाणी म्हणजे सांडलेले ऊनच.

आता दुसरे दुःख, अस्वच्छ पाणी. भिक्खूंना बाळगायला सांगितलेल्या आठ वस्तूंत पाणी गाळण्याचे साधन आहे. त्याला परिस्सावन म्हणतात. पाण्यातल्या बारीक जिवांची हिंसा होऊ नये, हा त्यामागचा विचार. आपणही गाळण्यापासूनच सुरुवात करू. स्वच्छ सुती कापडाच्या चार पदरी घडीतून पाणी गाळा. पण गाळल्याने जंतू मरत नाहीत. त्यासाठी एक तर खळखळून उकळा, नाही तर क्लोरीन वापरा. हजार लिटरच्या टाकीला साधारण 5 ग्रॅम ताजी टी.सी.एल. पावडर बादलीभर पाण्यात कालवून, निवळी तेवढी टाकीत ओतायची. अर्धा-पाऊण तास थांबून मग प्यायचे. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून ओ.टी. चाचणी करून घ्या. पाणी पिवळसर झाले की क्लोरीन आहे असे समजा.

काहीच हाताशी नसेल तर ऊन आहे. पारदर्शक, ओरखडे नसलेल्या, दोन लिटरपर्यंतच्या प्लॅस्टिक बाटलीत निवळ पाणी भरून सहा तास कडक उन्हात आडवी ठेवा. ढगाळ असेल तर दोन दिवस. जंतू मरतात, खर्च शून्य. गढूळ पाण्याला मात्र हा उपाय चालत नाही.

सौर घराला आर.ओ. यंत्र घेण्याची घाई करू नका. ते वीज खाते आणि एक लिटर शुद्ध करताना दोन-तीन लिटर पाणी बाहेर टाकते. बोअरचे पाणी खारे किंवा फ्लोराइडचे असेल तरच त्याची गरज, कारण उकळून क्षार जात नाहीत. आधी पाणी सरकारी प्रयोगशाळेत तपासा, मग पैसे खर्च करा.

पैशाचे काय? 2024 पासून राज्यात ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजना आहे. तीत अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला 5 टक्केच हिस्सा भरावा लागतो आणि पंपाला पाच वर्षे दुरुस्तीची हमी असते. तसेच अनुसूचित जाती व नवबौद्ध शेतकऱ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजनेतून विहिरीला अनुदान मिळते. नव्या विहिरीला किमान 40 आर जमीन हवी. सातबारा, आठ-अ, जातीचा दाखला तयार ठेवा. अटी बदलत असतात, म्हणून पंचायत समितीत जाऊन विचारा. खोट्या वेबसाइट काढून पैसे उकळणारेही आहेत, त्यांच्या खात्यावर छदामही टाकू नका.

पण ज्याच्या नावावर गुंठाही नाही त्याने काय करावे? आपल्यातले पुष्कळजण असेच आहेत. त्यांनी वस्ती म्हणून मागावे. जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाकडे अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्ती विकासाची योजना आहे, पूर्वी तिला दलित वस्ती सुधार म्हणत. तीत पिण्याच्या पाण्याचे काम बसते. राज्यात दुर्गम वाड्यांवर सौर दुहेरी पंप बसवले गेले आहेत. एकाच बोअरमध्ये हातपंपही राहतो आणि सौरपंपही, वर पाच हजार लिटरची टाकी. ऊन नसले तर दांडा हाणायचा! असा पंप ग्रामसभेत ठराव करून मागा. ठरावाची नक्कल घ्या आणि पोच जपून ठेवा.

पंप आल्यावर भांडू मात्र नका. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय लढायला उठले, आणि सिद्धार्थाने त्या युद्धाला नकार दिला, हे बाबासाहेबांनी आपल्या धम्मग्रंथात सांगितले आहे. दर घरामागे महिन्याला थोडी वर्गणी, दोन महिलांच्या हाती वही, आणि पौर्णिमेला विहारात हिशेब वाचायचा. एवढे केले तर पंप टिकेल.

जतच्या त्या घरी आता लहान डी.सी. पंप बसला आहे. पॅनेल जुनेच, मोटर विकून आलेल्या पैशात थोडी भर घातली. विटांच्या ओट्यावर हजार लिटरची टाकी आहे. परवा नातीचा फोन आला. आता तिचा पहिला तास बुडत नाही. तो गणिताचा असतो म्हणे.

जयभीम! नमो बुद्धाय!