मळ्यातल्या विहिरीचं पाणी कोण तपासणार?

आपण माती तपासतो. दूध तर रोज दोन वेळा तपासलं जातं, फॅट एक पॉइंट कमी लागलं तर आपण संकलन केंद्रावर भांडायला उभे राहतो. कारखान्यावर उसाचा उतारा निघतो. आता स्वतःला एक प्रश्न विचारा. ज्या विहिरीचं पाणी घरातली सगळी माणसं पितात, ते पाणी तुम्ही आजवर कधी तपासलं आहे काय?

मीही तपासलं नव्हतं. विहीर आजोबांनी खोदलेली, पाणी नितळ, चवीला गोड. पाहुणे आले की तांब्या भरून द्यायचा आणि वर सांगायचं, "आमच्या विहिरीचं आहे, बिनधास्त प्या." गेल्या वर्षी मृगाचा पहिला जोराचा पाऊस झाला आणि चौथ्या दिवशी नातवाला जुलाब-उलट्या सुरू झाल्या. पाठोपाठ सालगड्याच्या दोन्ही पोरांना. तिन्ही लेकरांना सलाईन लावावं लागलं. डॉक्टरांनी विचारलं, पाणी कुठलं पिता? मी फुशारकीनं सांगितलं, घरच्या विहिरीचं. ते म्हणाले, "तपासलंय का कधी?" मी गप्प बसलो.

आपल्याकडे घोळ असा आहे की गावच्या पाण्याला वाली आहे, वस्तीच्या पाण्याला नाही. गावच्या टाकीत टी.सी.एल. पडते, शिपाई ओ.टी. टेस्ट घेतो, आरोग्य खात्याचा माणूस नमुना नेतो. सर्वेक्षण होऊन ग्रामपंचायतीला हिरवं, पिवळं नाहीतर लाल कार्ड मिळतं. जलजीवन मिशन २०१९ साली सुरू झालं, त्यात गावोगाव पाच-पाच महिलांना पाणी तपासायचं शिक्षण द्यायचं ठरलं, तपासणीचे संच आले. हे सगळं चांगलंच आहे. पण आमच्या गावात गावठाणापेक्षा शिवारात राहणारी घरं जास्त भरतील, आणि ती आपापल्या विहिरीचं नाहीतर बोअरचं पाणी पितात. त्या विहिरीला ना हिरवं कार्ड ना लाल. संच पंचायतीच्या कपाटात होता, मी मागायला गेलो तर उत्तर मिळालं, "तो गावच्या पाण्यासाठी आहे, खाजगी विहिरीसाठी नाही." मग शहरातून बाटल्या विकत आणल्या.

या बाटलीला एच-टू-एस बाटली म्हणतात. ग्वाल्हेरच्या शास्त्रज्ञांनी ही साधी पद्धत १९८२ साली मांडली आणि पुढे ती जगभर गेली. आत औषधाचा कागद किंवा पूड असते. हात साबणानं धुवा, मोटर पाच मिनिटं चालू ठेवा, मग खुणेपर्यंत पाणी भरा. झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लागू देऊ नका. बाटली घरातच उबेला ठेवून द्या, चोवीस ते अठ्ठेचाळीस तास. पाणी काळं पडलं की समजा, त्यात विष्ठेतले जंतू असण्याचा दाट संभव आहे. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. टी.सी.एल. टाकलेल्या पाण्यावर लगेच ही तपासणी करू नका, क्लोरीन उतरलेलं असलं पाहिजे, नाहीतर बाटली तुम्हाला फसवील. आणि काळी झालेली बाटली उकिरड्यावर फेकू नका, आत टी.सी.एल.चं पाणी ओता, तासभर ठेवा, मग पुरा. त्यात जंतूंचं पीक आलेलं असतं.

माझी बाटली दुसऱ्या दिवशी सकाळीच शाईसारखी झाली.

मग विहिरीभोवती फिरून पाहिलं. आधीच पाहायला पाहिजे होतं. संडासाचा शोषखड्डा विहिरीपासून पंचवीस फुटांवर, आणि तो मीच जागा दाखवून खणून घेतलेला! गोठ्याचं मूत वाहून जातं ते विहिरीच्या अंगाला. कठडा एका बाजूनं ढासळलेला, पावसाचं पाणी तिथून सरळ आत. संडास आणि विहीर यांत निदान पन्नास फूट अंतर असावं असं सांगतात. आपला मुरूम आणि भेगाळ काळा दगड पाहता त्याहून जास्त असेल तेवढं बरं. हागणदारी हटली हे उत्तम झालं, पण वस्त्यांवर खड्डे घेताना विहीर कुठं आहे हे कुणी मोजलं नाही.

उपाय महागडा नाही. विहिरीचा व्यास मीटरमध्ये घ्या, त्याला त्यानंच गुणा, मग पाण्याच्या खोलीनं गुणा आणि शेवटी ७८५ नं. आलं ते पाणी लिटरमध्ये. माझी विहीर चार मीटर रुंद, पाणी तीन मीटर, म्हणजे साधारण ३७,७०० लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली टी.सी.एल. या हिशेबानं ९५ ग्रॅमच्या आसपास लागते. बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरची निवळी दुसऱ्या बादलीत घ्या आणि ती बादली दोरानं पाण्याखाली सोडून वर-खाली हलवा. रात्री टाकलं की उत्तम, कमीत कमी तासभर तरी पाणी उपसू नये. नंतर ओ.टी.चे थेंब टाकून पिवळी झाक आली तर ठीक, नाही आली तर मात्रा कमी पडली किंवा पूड मेलेली आहे. पोतं उघडं राहिलं की टी.सी.एल.चा जोर उडून जातो. ओ.टी. टाकलेलं पाणी फेकून द्यायचं, प्यायचं नाही.

इथवर जंतूंचं झालं. नायट्रेटचं दुखणं याहून लबाड, कारण त्याला ना रंग, ना वास, ना चव. उसाला आपण युरिया ओततो, वर पाटपाणी. पिकानं घेतलं ते घेतलं, बाकीचं नत्र पाण्याबरोबर खाली जातं आणि विहिरीत येतं. उकिरडा आणि शोषखड्डा त्यात भर घालतात. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमच्या वर नायट्रेट नसावं असं भारतीय मानक सांगतं. वरच्या दुधावर असलेल्या सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला त्याचा धोका सगळ्यात जास्त, रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होते, बाळ निळसर पडतं. आणि इथं आपली जुनी शहाणपणाची रीत उलटी पडते. जंतू असतील तर पाणी उकळलंच पाहिजे, पण उकळून नायट्रेट जात नाही, पाणी आटतं तसं ते उलट दाट होतं. तुरटीनं जात नाही, टी.सी.एल.नंही नाही. रंग बदलणाऱ्या पट्ट्या मिळतात, पाण्यात बुडवून डबीवरच्या रंगाशी ताडून पाहायच्या. मुदत उलटलेली डबी घेऊ नका. पट्टीनं अंदाज येतो, आकडा प्रयोगशाळेतूनच घ्या. पट्टी गडद गुलाबी झाली म्हणून मी नमुना दिला, तर आकडा आला ६८.

यवतमाळ-चंद्रपूरकडे काही गावांत फ्लोराइडनं मुलांचे दात पिवळे-तपकिरी पडतात, हाडं धरतात. आपल्याकडेही नवा खोल बोअर पिण्याला वापरणार असाल तर तेही एकदा तपासून घ्या.

जाता जाता एक सावधगिरी. वस्तीवर आरओ विकणारे येतात. दोन ग्लास मांडतात, एकात तुमचं पाणी, एकात मशीनचं, दोन्हीत विजेच्या कांड्या घालतात. तुमचं पाणी गढूळ तपकिरी होतं आणि घरातल्या बायामाणसं घाबरतात. अहो, ती घाण पाण्यातली नाही, कांडीचं लोखंड झिजून उतरलेलं असतं! मशीनच्या पाण्यात क्षार नसल्यासारखे, म्हणून त्यातून वीजच नीट जात नाही. टी.डी.एस. मीटरही फक्त क्षार दाखवतो, जंतू दाखवत नाही. नायट्रेट जास्त असेल तर आरओ उपयोगी पडतो हे खरं आहे, पण तपासणी आधी, खरेदी मागून.

आता सरपंच आणि भाऊसाहेबांना. पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालं तरी आपण भाऊसाहेबच म्हणतो. सार्वजनिक पाण्याची जंतूंची तपासणी वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, आणि रासायनिक एकदा, असा नियम आहे. तोच वस्तीच्या विहिरींना लावा. गावातल्या संचातल्या बाटल्या कमी पडत असतील तर ग्रामनिधीतून घ्या. शिकलेल्या त्या पाच बायांना वस्त्यांवर पाठवा आणि त्यांना त्याचे पैसे द्या. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत पिण्याच्या खाजगी विहिरींची यादी वाचून दाखवा. मालक विरोध करतील, हेही सांगतो. आमच्या भावकीतल्या सामाईक विहिरीवर मी बाटली काढली तर चुलतभाऊ म्हणाला, "विहिरीला नाव ठेवू नको, उद्या जमिनीला गिऱ्हाईक येणार नाही." म्हणून निकाल चावडीवर लावू नका, घरात नेऊन द्या.

माझं म्हणाल तर खड्डा हलवला, कठडा बांधला, दिवाळीत बाटली भरली ती दोन दिवस पांढरीच राहिली. नायट्रेट मात्र अजून तसंच आहे, युरिया कमी केला तरी ते वर्षात उतरत नाही. मुलगी बाळंतपणाला आलेली आहे. गावच्या नळाचं पाणी तपासून घेतलं, त्यात नायट्रेट मर्यादेत निघालं. तेव्हापासून रोज सकाळी फटफटीला दोन कॅन बांधून गावात जातो आणि पिण्यापुरतं पाणी भरून आणतो.