आपल्याच रानात परके

एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने इयत्ता पहिलीपासून हिंदी शिकविण्याचा निर्णय काढला. त्याविरुद्ध उसळलेला प्रक्षोभ सर्वथा योग्य होता. सहा वर्षांच्या बालकावर परकी भाषा लादू नये, या युक्तिवादापुढे जूनअखेरीस शासनाला माघार घ्यावी लागली. परंतु धारणी-चिखलदऱ्याच्या कोरकू मुलाला आणि धानोरा-भामरागडच्या गोंड मुलाला शाळेच्या पहिल्याच दिवशी जी परकी भाषा भेटते ती हिंदी नव्हे, मराठी असते, याची आठवण त्या गदारोळात कितीजणांना झाली?

कोरकू ही संथाळी-मुंडारीच्या कुळातील भाषा, तर गोंडी द्राविडी कुळातील. मराठीशी त्यांचे नाते शेजाराचे आहे, रक्ताचे नाही. तरीही सरकार दरबारी आणि शिकल्यासवरल्या समाजात त्या 'बोली'च गणल्या जातात. भाषेला बोली म्हटले की तिच्यासाठी शिक्षक नेमावा लागत नाही आणि क्रमिक पुस्तकही छापावे लागत नाही. या शब्दाची खरी उपयुक्तता एवढीच! २०११ च्या जनगणनेत गोंडी भाषकांची संख्या २९ लाखांवर, भिलीची १ कोटीवर आणि संस्कृतची २५ हजारांच्या आत होती. त्यांपैकी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत प्रारंभापासून स्थान आहे ते केवळ संस्कृतला. गोंडी व भिली अद्याप बाहेरच.

गुरुजींचे बोलणे न कळणारे मूल गप्प बसते आणि त्या गप्प बसण्यावर 'मंदबुद्धी' असा शेरा पडतो. ज्या सणाला त्याचे अवघे गाव रात्रभर नाचते तो सण पुस्तकात नसतो. त्याला ठाऊक असलेल्या झाडापाखरांची नावेही वर्गात चुकीची ठरतात. चार-दोन वर्षांत ते मूल शाळा सोडते, किंवा शाळेत टिकते आणि आईच्या भाषेची लाज बाळगू लागते. मग 'आदिवासींना शिक्षणाची आवड नाही' असा निष्कर्ष काढण्यास विद्वान मोकळे!

पैसा नाही, हे नेहमीचे उत्तर. वस्तुतः खर्च होतोच. न कळणाऱ्या भाषेत चालणाऱ्या वर्गावरचा वेतनखर्च वाया जातो. आणि शासन जो खर्च वाचविल्याचे मानते तो सहा वर्षांच्या मुलाच्या माथी मारला जातो, कारण भाषा आणि विषय या दोहोंचे श्रम एकाच वेळी त्यालाच करावे लागतात. 'मुख्य प्रवाहात आणणे' हा शब्दप्रयोगही असाच फसवा आहे. मराठी त्याला हवीच आहे; तिच्यावाचून त्याला तहसील कचेरीत उभे राहता येणार नाही. पण तिच्यापर्यंत जाण्याची वाट त्याच्या घरातून निघाली पाहिजे.

भाषावार राज्याची मागणी करताना समाजवाद्यांनी म्हटले होते की, लोकांचा कारभार लोकांच्या भाषेत चालावा. १९६० साली मराठी माणसाला ते मिळाले. मराठीची सत्ता येताच तेच तत्त्व सीमेच्या आत मात्र लागू होईनासे झाले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत देण्याच्या सोयींसाठी राज्यांनी झटावे, हे ३५० अ कलम १९५६ पासून घटनेत आहे!

गडचिरोली जिल्ह्यातील मोहगावच्या ग्रामसभेने शासनाची वाट न पाहता २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा काढली. २०२२ मध्ये शिक्षण खात्याने ती अनधिकृत ठरवून बंद करण्याची नोटीस बजावली. मान्यतेवाचून शाळा चालविणाऱ्यास दंड करण्याची तरतूद २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १८ व्या कलमात आहे, हे खरे. परंतु त्याच कायद्याचे २९ वे कलम सांगते की, शिक्षणाचे माध्यम शक्यतोवर मुलाची मातृभाषा असावे. मोहगावने ते शक्य करून दाखविले होते. हिंदीच्या सक्तीविरुद्ध २०२५ मध्ये रस्त्यावर उतरलेल्या पक्षांनी आणि साहित्य संस्थांनी आता अशा शाळांच्या मान्यतेची, आणि मेळघाट व गडचिरोलीत पहिली-दुसरीसाठी कोरकू व गोंडी जाणणाऱ्या शिक्षकांच्या नेमणुकीची मागणी तितक्याच मोठ्या आवाजात करावी.