विश्लेषण : वरळीच्या प्रश्नांवर आदित्य ठाकरे यांची भूमिका काय? आमदाराच्या हातात नेमके किती?

विधानसभेसाठी 20 नोव्हेंबर 2024 रोजी मतदान झाले. वरळीत शिवसेना (ठाकरे) पक्षाचे आदित्य ठाकरे, शिवसेना (शिंदे) पक्षाचे मिलिंद देवरा आणि मनसेचे संदीप देशपांडे अशी तिरंगी लढत होती. 2019 मध्ये ठाकरे येथून 67 हजारांहून अधिक मतांनी निवडून आले होते. 2024 च्या लोकसभा निवडणुकीत मात्र त्यांच्या पक्षाला वरळीतून सुमारे साडेसहा हजार मतांचीच आघाडी मिळाली. त्यामुळे त्या वेळी नावापेक्षा कामाची चर्चा अधिक होती. तेव्हा विद्यमान आमदार असलेल्या या उमेदवाराच्या स्थानिक प्रश्नांवरील भूमिका आणि त्यांतील कच्चे दुवे यांचा हा आढावा.

बीडीडी चाळींचे श्रेय कोणाचे?

पुनर्विकासात वरळीतील बीडीडीच्या 121 चाळी आहेत. 160 चौरस फुटांच्या खोलीत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या साडेनऊ हजारांहून अधिक भाडेकरूंना 500 चौरस फुटांचे मालकीचे घर देण्याची ही योजना आहे. प्रत्यक्ष काम महाविकास आघाडीच्या काळात मार्गी लागले, असा ठाकरे यांचा दावा आहे. ऑगस्ट 2021 मध्ये जांबोरी मैदानात तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्या हस्ते कामाचा शुभारंभ झाला, हे खरे. मात्र, एप्रिल 2017 मध्ये देवेंद्र फडणवीस यांच्या हस्तेही याच प्रकल्पाचे भूमिपूजन झाले होते. चाळींत राहणाऱ्या पोलीस कुटुंबांसाठी घराची किंमत आघाडी सरकारने आधी 50 लाख आणि विरोधानंतर 25 लाख रुपये सांगितली. सत्तांतरानंतर 2022 मध्ये ती 15 लाखांवर आली. म्हणजे श्रेयाचे वाटेकरी दोन्ही बाजूंना आहेत. रहिवाशांच्या दृष्टीने तेव्हा प्रश्न वेगळा होता: चावी कधी मिळणार आणि टॉवरचा देखभाल खर्च कोण भरणार?

कोळीवाड्याचे म्हणणे काय?

सागरी किनारा मार्गाचा (कोस्टल रोड) वरळीकडील पूल कोळी बांधवांच्या बोटींच्या वाटेवरून जातो. दोन खांबांतील 60 मीटर अंतर बोटींसाठी धोक्याचे आहे, असे सांगत त्यांनी 2021 मध्ये समुद्रातील काम रोखले होते. तेव्हा राज्यात आणि महापालिकेतही ठाकरे यांच्याच पक्षाची सत्ता होती. हे अंतर 120 मीटर करण्याचा निर्णय झाला तो सत्तांतरानंतर. ठाकरे यांच्यासाठी हा अडचणीचा मुद्दा होता.

दुसरा प्रश्न जमिनीचा. कोळीवाडे आणि गावठाणांवर समूह पुनर्विकास लादला जाणार नाही, रहिवाशांना विश्वासात घेऊनच निर्णय होईल, असे आश्वासन त्यांच्या पक्षाच्या वचननाम्यात होते. कोळीवाड्यात घर म्हणजे फक्त चौरस फूट नव्हे. जाळी विणायला, मासळी सुकवायला अंगण लागते. इमारतीत ते मिळत नाही, ही तेथील खरी भीती आहे.

मोकळ्या जागांवर भूमिका काय?

महालक्ष्मी रेसकोर्सची एकूण जागा 211 एकर आहे. त्यातील 120 एकर जागा सार्वजनिक उद्यानासाठी महापालिकेकडे देण्यास राज्य मंत्रिमंडळाने जून 2024 मध्ये मंजुरी दिली. उद्यानाच्या नावाखाली ही जागा बिल्डरांच्या घशात जाईल, असा ठाकरे यांचा आक्षेप आहे. कोस्टल रोडलगतच्या भरावाच्या जमिनीवरही उद्यानेच हवीत, अशी त्यांची मागणी आहे. सरकारच्या म्हणण्यानुसार, दोन्ही जागा मिळून सुमारे 300 एकरांचे सलग उद्यान होईल. दोन्ही बाजूंना उद्यानच हवे आहे. वाद आहे तो विश्वासाचा.

मेट्रोला उशीर कोणामुळे?

कुलाबा–वांद्रे–सीप्झ मेट्रो 3 चा आरे ते बीकेसी टप्पा ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झाला. निवडणुकीच्या वेळी वरळीकर अजून वाट पाहत होते. आरेतील कारशेडला ठाकरे यांनी सुरुवातीपासून विरोध केला. आघाडी सरकारने कारशेड कांजूरमार्गला हलवण्याचा निर्णय घेतला, पण तेथील जमिनीचा वाद उच्च न्यायालयात गेला आणि कामाला स्थगिती मिळाली. 2022 मध्ये शिंदे सरकारने कारशेड पुन्हा आरेत आणली. झाडे वाचवण्याची भूमिका अनेकांना पटते, पण त्यात गेलेल्या वेळेचा हिशेब महायुती प्रचारात मागत होती.

आमदार यातले किती करू शकतो?

महाराष्ट्रात आमदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला 5 कोटी रुपये मिळतात. एकट्या कोस्टल रोडचा खर्च सुमारे 14 हजार कोटी आहे. बीडीडी म्हाडाकडे, कोस्टल रोड महापालिकेकडे, मेट्रो 3 केंद्र आणि राज्याच्या संयुक्त कंपनीकडे. महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली होती आणि निवडणुकीच्या वेळी प्रशासक कारभार पाहत होते. नगरसेवक नसल्याने नळाच्या पाण्यापासून रस्त्याच्या खड्ड्यापर्यंतची तक्रार आमदाराकडेच येत होती. प्रश्न विचारणे, लक्षवेधी मांडणे, पाठपुरावा करणे ही त्याची मुख्य साधने. धोरण बदलायचे तर सत्ता हवी.

मतदारांनी काय पाहायचे होते?

ठाकरे यांची आश्वासने दोन प्रकारची होती. समूह पुनर्विकास रोखणे, रेसकोर्सचा निर्णय फिरवणे ही राज्यात आघाडीचे सरकार आले तरच शक्य होती. चाळींतील घरांचा ताबा वेळेत मिळावा, कोळीवाड्याचे म्हणणे सभागृहात मांडले जावे, यासाठी मात्र सत्तेची अट नव्हती. पहिल्या प्रकारातील आश्वासनांसाठी पक्षाला जोखावे लागणार होते, दुसऱ्या प्रकारातील आश्वासनांसाठी आमदाराची आधीची पाच वर्षे तपासावी लागणार होती. हीच फूटपट्टी देवरा आणि देशपांडे यांच्या आश्वासनांनाही लावता येण्यासारखी होती.