बोंड फोडून मोजा

शेतीशाळांचे अहवाल चाळले, की वर्ग किती झाले, हजेरी किती लागली, निधी किती खर्ची पडला, याचा चोख हिशेब मिळतो. शाळेला आलेल्यांपैकी पुढच्या खरिपात किती जणांनी कपाशीचे हिरवे बोंड फोडून पाहिले, हे मात्र बहुधा कुठेच लिहिलेले नसते.

जळगाव-धुळ्यात विस्तारकार्याची परीक्षा या बोंडावरच घ्यायला हवी. गुलाबी अळी बाहेरून दिसत नाही. ती बारीक असतानाच बोंडात शिरते, मागचे छिद्र बुजते आणि बोंड वरून निरोगी दिसत राहते. म्हणून शिफारस अशी, की वावरात फिरून वेगवेगळ्या झाडांची २० हिरवी बोंडे तोडून फोडायची; दोनांत अळी निघाली तर फवारणीची वेळ आली. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले तरी तेच. हे सांगायला पाच मिनिटे पुरतात, अंगवळणी पडायला हंगाम जातो. चांगले बोंड तोडायला हात धजावत नाही आणि शेजारच्या बांधावर फवारणी सुरू झाली, की आपलाही पंप निघतो. २०१७ साली या अळीने राज्यभर कपाशी पोखरली, त्यानंतर सापळे वाटले गेले, फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही राखलेली कपाशी, घेऊ नका म्हणून गावोगाव सांगितले गेले. सांगितले ते शेतात किती उतरले, हे मोजल्याशिवाय पुढचे सांगणे सुधारणार कसे?

अमेरिकेच्या कृषी खात्यातील क्लॉड बेनेट यांनी १९७०च्या दशकातच अशा मोजणीच्या सात पायऱ्या मांडल्या होत्या. साधने, उपक्रम आणि सहभाग या पहिल्या तीन. मग लोकांचा प्रतिसाद, ज्ञान-कौशल्यातला बदल, प्रत्यक्ष रीतीतला बदल आणि शेवटी पदरात पडलेले फळ. आपली मोजदाद तिसऱ्या पायरीवर थांबते. शेतकऱ्याचे काम सहाव्या पायरीवर सुरू होते.

याचा दोष गावपातळीवरच्या कृषी कर्मचाऱ्याच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. पंचनामे, अनुदानाचे अर्ज आणि पोर्टलवरच्या नोंदी यांतच त्याचा दिवस सरतो. त्याच्या प्रशिक्षणासाठी नागपूरला वनामती आणि विभागवार रामेती या संस्था आहेत, पण सभागृहात पडद्यावर पाहिलेला रोग बागेत ओळखता येईलच असे नाही. रावेर-यावलच्या केळीत हरण्या, म्हणजे कुकुंबर मोझॅक विषाणू आला, तर पानावरचे पिवळे पट्टे अन्नद्रव्याच्या कमतरतेचे नाहीत, हे तिथल्या तिथे कळावे लागते. या विषाणूवर औषध नाही. झाड उपटून नष्ट करणे आणि मावा आटोक्यात ठेवणे एवढेच हाती असते. साहेब घुटमळले, तर शेतकरी दुकानातून बाटली आणतो आणि तेवढ्या दिवसांत रोग शेजारच्या खोडांवर जातो.

मोजायला माणसे नाहीत, ही सबब टिकणारी नाही. कृषी महाविद्यालयांचे शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी ग्रामीण कार्यानुभवासाठी ऐन खरिपात गावांत असतातच. मागच्या वर्षीच्या हजेरीपत्रकातून चिठ्ठ्या टाकून काही नावे काढावीत आणि त्यांच्या वावरात या मुलांना पाठवावे. ज्या कार्यालयाने शाळा घेतली, त्यानेच आपले गुण भरू नयेत. सापळ्यातली गोळी बदलली का, बोंडे फोडली का, फवारणी कशावरून ठरवली, एवढे तीन प्रश्न पुरेत. उत्तरे ग्रामसभेत वाचून दाखवावीत. आणि ज्या शिवारात बोंडे फोडली गेली नसतील, तिथल्या कर्मचाऱ्यांचे पुढचे प्रशिक्षण त्याच शिवारात, ऑक्टोबरच्या उन्हात, बोंड हातात घेऊन व्हावे.