जबाबातली तफावत आणि बाईचा खरेपणा

विनयभंगाच्या खटल्यात शिक्षा लागली की आपण पेढे वाटतो आणि फाईल कपाटात ठेवतो. अपिलाचा विचार कुणाच्या मनात नसतो. माझ्याही नव्हता. ज्या बाईबरोबर मी तालुक्याच्या कोर्टात दोन वर्षं हेलपाटे घातले, तिच्या मुकादमाला शिक्षा झाली आणि त्याने सेशन्स कोर्टात अपील केलं. मुद्दा एकच : बाईची साक्ष विश्वासार्ह नाही. का? तर कोर्टात ती म्हणाली, 'मागून कमरेला हात घातला, पदर ओढला.' फिर्यादीत मात्र 'मनास लज्जा उत्पन्न होईल असे वर्तन केले' एवढंच आहे.

मैत्रिणींनो, असं वाक्य कुठली बाई बोलते? तिने सगळं सांगितलं होतं, मी शेजारी बसले होते. लिहिणाऱ्याने ठाण्यातलं ठरीव वाक्य उतरवलं. आता त्याच्या आळसाला तिचा खोटेपणा म्हटलं जातंय.

अपील हा आरोपीचा हक्क आहे आणि तो असायलाच हवा. पण अपिलाच्या कोर्टासमोर बाई उभी नसते, असतात फक्त कागद. तिचं थांबणं, आवंढा गिळणं कागदावर येत नाही. तफावत तेवढी येते.

१९८३ साली भोगिनभाई विरुद्ध गुजरात राज्य या खटल्यात शिक्षेविरुद्धचं अपील असंच साक्षीच्या विश्वासार्हतेवर लढवलं गेलं. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की साक्षीदाराची स्मरणशक्ती म्हणजे चित्रफीत नव्हे. मुळाला धक्का न लावणाऱ्या किरकोळ विसंगतींना अवास्तव महत्त्व देऊ नये. हा निकाल आपल्या कामाचा आहे. पण त्यातली दुसरी बाजू मला खटकते. भारतीय बाई अब्रूच्या भीतीने असा आरोप सहसा खोटा करणार नाही, असा त्यातला एक आधार आहे. मग जिला समाज अब्रूच नाही असं मानतो, तिचं काय? मथुरा खटल्यात सेशन्स कोर्टाने त्या आदिवासी मुलीला खोटारडी ठरवलं होतं. उच्च न्यायालयाने १९७६ मध्ये दिलेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयात अपिलात रद्द झाली. बलात्काराच्या खटल्यात बाईचं चारित्र्य काढून तिची साक्ष पाडण्याची कायद्यातली मुभा २००२ च्या दुरुस्तीने गेली. मनातून ती गेली आहे का?

बाईवर विश्वास ठेवायचा तो ती 'चांगल्या घरची' म्हणून नव्हे, तर तिच्या सांगण्यात तथ्य आहे म्हणून.

आपणही काही शिकायला हवं. फिर्याद वाचून घेतल्याशिवाय बाईला सही करू देऊ नका. तिचेच शब्द लिहून घ्यायला लावा. फिर्यादीची प्रत फुकट मिळते, तो तिचा हक्क आहे. राहिलेलं लगेच पुरवणी जबाबात नोंदवा. आणि साक्षीआधी तिच्याकडून घोकून घेऊ नका. घोकलेली साक्षच उलटतपासणीत आधी फुटते. अपील दाखल झालं की सरकारी वकिलांना भेटा, कागद त्यांच्यापुढे ठेवा.

आमच्या अपिलाची तारीख पुढच्या महिन्यात आहे. परवा ती मला म्हणाली, "ताई, मी एकदाच खरं सांगितलं. ते किती वेळा खरं ठरवायचं?"